तंबूतली पहिली रात्र: न्यू जर्सीच्या चीझक्वेक स्टेट पार्कात कॅम्पिंग कसं करावं

अमेरिकेत नवीन आलेल्या मराठी घरात कॅम्पिंगचा विषय निघाला की लगेच योसेमिटी, यलोस्टोन, ग्लेशियर ही नावं पुढे येतात. मग विमानाची तिकिटं, भाड्याची गाडी, कित्येक महिने आधीचं बुकिंग. हिशोब मांडता मांडता उन्हाळा संपतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. इकडे एडिसनहून गाडीने साधारण अर्ध्या तासावर, गार्डन स्टेट पार्कवेच्या १२० नंबरच्या एक्झिटला, एक लहानसं स्टेट पार्क आहे. त्याचं नाव चीझक्वेक. पार्कवे त्याच्या हद्दीतूनच जातो. रोज हजारो गाड्या तिथून पुढे समुद्रकिनाऱ्याकडे धावतात आणि झाडांच्या त्या पट्ट्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही.

इथे धबधबा नाही, कडा नाही, फोटो काढून लगेच पाठवावा असं एकही ठिकाण नाही. तरी मी नव्या लोकांना हेच पार्क सुचवतो, आणि त्याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. काही विसरलं तर पाच-दहा मिनिटांवर दुकान आहे. रात्री लहान मूल रडायचं थांबेना तर तासाभरात घरी पोचता येतं. मोबाइलला रेंज असते. आणि बघायची मोठी यादीच नसल्यामुळे तुम्ही जिथे बसलात तिथलंच बघायला लागता. इथली मजा तिथूनच सुरू होते.

१. आधी महिना ठरवा, मग तारीख

चीझक्वेकचं कॅम्पग्राउंड १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. हे सात महिने एकसारखे नाहीत.

एप्रिलमध्ये रात्री चांगल्याच गार असतात, लहान मुलं असतील तर टाळा. पण संध्याकाळी पाणथळ जागेजवळ उभे राहिलात तर स्प्रिंग पीपर नावाच्या बेडकांचा कल्लोळ ऐकू येतो. हा बेडूक जेमतेम इंचभर लांब. एकटा ओरडला तर शिट्टी वाजल्यासारखं वाटतं, पण शेकड्यांनी एकत्र ओरडू लागले की शेजारच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागतं.

मेचा दुसरा पंधरवडा माझ्या मते सर्वांत चांगला. झाडांना नवी पालवी, दिवस मोठा, रात्री पांघरूण हवंसं वाटेल इतपत थंडी.

जूनच्या उत्तरार्धापासून जुलैभर काजवे दिसतात. आपल्याकडे काजवे बघायला भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. इथे ते तुमच्या तंबूशेजारच्या गवतातून वर येतात. नीट बघा: इथला नेहमीचा काजवा चमकताना खालून वर झेपावतो, त्यामुळे अंधारात उजेडाचा लहानसा आकडा काढल्यासारखं दिसतं. हा नर. मादी गवतात बसून थोड्या वेळाने एकच उत्तर देते. मुलांना बरणी देण्याऐवजी तो उत्तर देणारा ठिपका शोधायला सांगा, अर्धा तास हूं की चूं करणार नाहीत.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या. खाऱ्या खाजणाच्या जवळ ग्रीनहेड नावाची हिरव्या डोळ्यांची माशी असते. ती चावते म्हणजे कातडीचा लचकाच काढते, आणि नेहमीच्या फवाऱ्यांना फारशी जुमानत नाही. दिवसा खाजणाच्या कडेला फिरणार असाल तर फिक्या रंगाचे, लांब बाह्यांचे कपडे घाला. रात्री ती चावत नाही, पण तिची पाळी संपली की डासांची सुरू होते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माश्या, डास, गर्दी सगळं ओसरतं. ब्लॅक गम झाडाची पानं सगळ्यांच्या आधी लाल होतात, मागोमाग मेपल आणि स्वीटगम. कोजागिरी बहुतेकदा ऑक्टोबरमध्येच येते. ती शनिवार-रविवारच्या आसपास आली तर दुसरा कुठलाही बेत करू नका. मसाला दूध, स्वेटर, निखारे आणि वर पुनवेचा चंद्र. अपार्टमेंटच्या बाल्कनीत दूध आटवून कोजागिरी साजरी करणाऱ्या मंडळींनी ही एकदा करून बघाच.

२. बुकिंग

न्यू जर्सी स्टेट पार्क सर्व्हिसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच बुकिंग करा. इंटरनेटवर शोधलं की सुरुवातीला जाहिराती येतात, त्यातल्या काही खाजगी कॅम्पग्राउंडच्या असतात. पत्ता आणि पार्कचं नाव नीट वाचा.

चीझक्वेकमध्ये तंबू आणि ट्रेलरसाठी ५३ जागा आहेत. प्रत्येक जागेवर लाकडी टेबल आणि लोखंडी कड्याची चूल असते. जागेवर वीज नाही. फ्लश टॉयलेट आणि शॉवर चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. न्यू जर्सीच्या रहिवाशांना दर कमी असतो, म्हणून ज्याच्याकडे इथलं लायसन्स आहे त्याच्या नावाने बुकिंग करा.

जागा निवडताना नकाशावर दोन गोष्टी बघा. पहिली, पार्कवेपासूनचं अंतर. गाड्यांचा आवाज इथे येतोच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण जागेजागेत फरक आहे. रस्त्यापासून जितकं आत जाल तितका तो आवाज मागे पडतो. दुसरी, टॉयलेटचं अंतर. अगदी खेटून असलेली जागा घेऊ नका, रात्रभर दाराचा आवाज आणि डोळ्यांवर दिवा येतो. फार लांबची घेतलीत तर मध्यरात्री मुलांना घेऊन अंधारात चालावं लागतं. दोन-तीन जागा सोडून असलेली उत्तम.

शुक्रवार-शनिवार लवकर भरतात. ज्यांना सोमवारी सुट्टी घेता येते त्यांनी रविवारची रात्र घ्यावी. दुपारी सगळे आवरून निघतात आणि अर्धं कॅम्पग्राउंड तुमचं होतं.

तीन-चार कुटुंबं मिळून जाणार असाल तर नेहमीच्या एका जागेवर सगळ्यांना कोंबू नका. जागेमागे माणसांची आणि गाड्यांची मर्यादा असते आणि रेंजर फेरी मारून बघतात. मोठ्या गटांसाठी गॉर्डन फील्ड नावाचा वेगळा भाग आहे, तो घ्या.

३. कागदपत्रं

यादी छोटीच आहे:

- बुकिंगची पावती, फोनमध्ये आणि एक प्रत कागदावर
- फोटो असलेलं ओळखपत्र. रहिवासी दर घेतला असेल तर न्यू जर्सीचा पत्ता असलेलं
- गाडीचा नंबर (नोंदणीच्या वेळी विचारतात, भाड्याची गाडी असेल तर लिहून ठेवा)
- आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांचा प्रवास-विमा आणि औषधांची यादी

४. सामान: काय घ्यायचं, काय नाही

पहिल्याच खेपेला सगळं विकत घेऊ नका. तंबू कुणाकडून तरी मागून आणा. ओळखीच्या दहा घरांपैकी एकाच्या गराजमध्ये तो नक्की पडलेला असतो. काही दुकानं भाड्यानेही देतात.

तंबूवर 'चार माणसांसाठी' असं लिहिलेलं असेल तर त्यात चार जण खांद्याला खांदा लावून झोपतात, कूस बदलायला जागा उरत नाही. दोन मोठे आणि एक मूल असेल तर चारचा तंबू बरोबर. चौघांना सहाचा घ्या.

झोपायच्या सामानात लोक स्लीपिंग बॅगवर खर्च करतात आणि खाली घालायच्या पॅडकडे दुर्लक्ष करतात. खरी थंडी जमिनीतून येते. बॅग साधी असली तरी चालेल, घरच्या रजया आणल्यात तरी चालेल, पण खाली जाड फोमचं किंवा हवा भरायचं पॅड हवंच. ज्यांना जमिनीवरून उठायला त्रास होतो अशा वडीलधाऱ्यांसाठी घडीची कॅम्प कॉट आणा. बाबा झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून हवा पुरवणारं यंत्र) वापरत असतील तर त्याची बॅटरी आधी घरी रात्रभर चालवून बघा.

बाकी:

- तंबूखाली घालायची ताडपत्री. ती तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान असू द्या, किंवा कडा आत दुमडा. बाहेर राहिली तर पावसाचं पाणी गोळा करून तंबूखाली आणते
- खुंट्या ठोकायला हातोडी, थोडी जास्तीची दोरी
- माणशी एक डोक्याला लावायचा दिवा. फोनचा दिवा पुरत नाही, हातही अडकतो
- गॅसची छोटी शेगडी, लायटर आणि माचिस दोन्ही
- झाकण घट्ट बसणारा कूलर, पाण्याचा मोठा कॅन
- चिमटा, तोही टोकदार (गोचिडीसाठी, खाली सांगतो)
- एक झाडू. हे कुठल्याही यादीत नसतं. तंबूतली वाळू आणि काटक्या झाडून काढल्या की आईंचं अर्धं टेन्शन जातं

दारू आणू नका. न्यू जर्सीच्या स्टेट पार्कांत तिला बंदी आहे, बिअरलासुद्धा.

५. पोचल्यावर: उजेड असताना तंबू

सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी पोचा. तंबू घरी एकदा उभा करून बघितलेला असावा, दिवाणखान्यात केलात तरी चालेल. तंबूची कुठली दांडी कुठे जाते, कुठला कोपरा दाराचा, हे पहिल्यांदा अंधारात शोधायचं काम नाही.

जागेवर उतरलात की आधी वर बघा. वाळलेली फांदी किंवा मेलेलं झाड डोक्यावर असेल तर तिथे तंबू लावू नका. एमराल्ड ॲश बोरर नावाच्या किड्याने या भागातली ॲशची झाडं मोठ्या प्रमाणावर मारली आहेत आणि मेलेल्या ॲशच्या फांद्या वारा नसतानाही तुटतात. मग खाली बघा. वाटीसारखा खोलगट भाग नको, पाऊस आला तर पाणी तिथेच साचतं. किंचित उतार असेल तर डोकं चढाच्या बाजूला येईल असं झोपा.

खुंटी सरळ ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं राहू द्या, म्हणजे दोरी ताणली तरी ती उपटत नाही. वरचं पावसाचं आवरण आभाळ निरभ्र असलं तरी लावा आणि त्याच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. सकाळी आतून कापड ओलं लागलं तर तंबू गळतोय असं समजून दुकानात परत करायला धावू नका. ते तुमच्याच श्वासाचं पाणी असतं, हवा खेळती ठेवली की कमी होतं.

आणि हे कधीही नाही म्हणजे नाही: तंबूच्या आत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा हीटर पेटवणं. थंडी असो, पाऊस असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळत नाही.

६. चूल आणि जेवण

लाकूड घरून आणू नका. लाकडातून किडे एका गावातून दुसऱ्या गावात जातात. ॲशची झाडं मारणारा किडा असाच पसरला. जवळपासच विकत मिळणारं लाकूड घ्या आणि उरलेलं परत नेऊ नका. रंग दिलेल्या फळ्या, खोक्यांची लाकडं जाळू नका, त्या धुरात नको त्या गोष्टी असतात आणि त्यावर तुम्ही अन्न भाजणार आहात.

निघायच्या दिवशी सकाळी आगीवरचे निर्बंध बघा. २०२४च्या शरदात इतका दुष्काळ पडला की न्यू जर्सीत लाकडाच्या आणि कोळशाच्या आगीवर राज्यभर बंदी आली. अशा वेळी फक्त गॅसची शेगडी चालते. म्हणून जेवणाचा बेत असा ठेवा की चूल नसली तरी कुणी उपाशी राहणार नाही.

चूल पेटवता येत असेल तर मात्र वांग्याचं भरीत झालंच पाहिजे. विजेच्या शेगडीच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसाला भरिताचा खरा धुरकट वास कितीतरी वर्षं मिळालेला नसतो. ज्वाळा विझून निखारे होईपर्यंत थांबा, हाच सगळ्यात अवघड भाग. वांग्याला तेलाचा हात लावा, सुरीने चार ठिकाणी टोचा (नाहीतर फुटतं) आणि निखाऱ्यांवर थेट ठेवा. चिमट्याने फिरवत राहा. साल काळी होऊन सुरकुतली, देठाजवळ दाबल्यावर मऊ लागलं की काढा. झाकणाखाली पाच मिनिटं ठेवलंत की साल आपोआप सुटते. कांदा, मिरची, कोथिंबीर घरून चिरून आणलेली असावी. वरून कच्चं तेल. सोबत भाकरी जमत नसेल तर भाजणीचं पीठ आणा आणि गॅसवर थालीपीठ लावा.

जुलै-ऑगस्टमध्ये वाटेत एखाद्या शेतावरच्या दुकानात थांबून न्यू जर्सीचा मका आणि टोमॅटो घ्या. मका सालासकट पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून निखाऱ्यांवर टाका. वाफेवर शिजतो, मग साल काढून थोडा थेट भाजा. लिंबू, तिखट, मीठ.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना. मुलं इतर जागांवर बघून मार्शमॅलो भाजायचा हट्ट धरणारच. नेहमीच्या मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. वीगन असं लिहिलेलं पाकीट मिळतं, ते आधीच आणून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रडारड होत नाही.

कोजागिरीचं दूध चुलीवर आटवण्याचा मोह होतो. पातेलं काळं होतं, दूध तळाशी लागतं आणि धुराचा वास केशराला मारून टाकतो. दूध गॅसवर आटवा, चूल शेकायला ठेवा.

झोपण्यापूर्वी आग पूर्ण विझवा: पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. राखेवर हात धरून ऊब लागत नाही इथपर्यंत.

७. रात्र

रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. अंताक्षरी त्याच्या आत संपवा.

इथे खाण्यावर डोळा असतो तो रॅकून या रात्री हिंडणाऱ्या जंगली प्राण्याचा. तो कूलरचं झाकण उघडतो, पिशवीची झिप उघडतो, टेबलावर विसरलेल्या चकल्यांचा डबा सोबत घेऊन जातो. सगळं अन्न, कचऱ्याची पिशवी, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करा. तंबूत लाडूचा तुकडादेखील नको, नाहीतर कापड फाडून आत येतो.

पार्कवेचा आवाज रात्री थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. पहिला तास तो खटकेल. मग ऑगस्ट असेल तर कॅटिडिड नावाचे मोठे हिरवे नाकतोडे झाडांच्या शेंड्यांवरून ओरडू लागतात आणि त्यांच्यापुढे गाड्या ऐकू येईनाशा होतात. ज्यांना झोपताना पूर्ण शांतता लागते त्यांनी कानात घालायचे बोळे आणावेत.

८. सकाळी चाला

मला हे पार्क आवडतं ते इथल्या वाटांमुळे. चीझक्वेक दोन वेगळ्या प्रकारच्या जंगलांच्या सांध्यावर आहे. दक्षिण न्यू जर्सीची वाळूत वाढणारी पाइनची झाडी आणि उत्तरेकडचं ओक-मेपलचं पानगळीचं जंगल इथे एकमेकांत मिसळतं. त्यातच खारं खाजण, गोड्या पाण्याची दलदल आणि पांढऱ्या सिडारचं पाणवन. एरवी ज्यासाठी राज्यभर गाडी हाकावी लागेल ते इथे एका सकाळी पायी बघून होतं.

वाटा रंगांनी ओळखायच्या. पिवळी सर्वांत छोटी, लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी. हिरवी सर्वांत लांब, तीन मैलांपेक्षा थोडी जास्त. चढउतार फार नाहीत, पण पायऱ्या आणि लाकडी पूल बरेच आहेत, म्हणून चपला नकोत, बूट घाला. वाटेवर एक छोटं माहिती केंद्र आहे, तिथे या भागातले प्राणी-वनस्पती समजावून सांगितलेले असतात. उघडं असेल तर आधी तिथे जा, पुढे जे दिसतं त्याची नावं कळतात.

हिरव्या वाटेवर फळ्यांचा पूल सिडारच्या पाणवनातून जातो. तिथे घाई करू नका. बाहेर कितीही ऊन असलं तरी इथे गार असतं. पाणी चहाच्या रंगाचं दिसतं, पण ते घाण नाही. पडलेल्या पानांतलं टॅनिन त्यात उतरतं. खोडं सरळसोट, बुंध्याशी शेवाळाचे उंचवटे. हे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून होड्यांसाठी आणि घरांच्या छपरांसाठी किनाऱ्यावरची अशी वनं पूर्वी बेसुमार तोडली गेली. जे उरलंय ते म्हणूनच मोलाचं.

मेच्या मध्याला गेलात तर पाइन आणि ओकच्या खाली जमिनीकडे नजर ठेवा. पिंक लेडीज स्लिपर नावाचं रानटी ऑर्किड फुलतं. दोन रुंद पानं, त्यातून एकच दांडा, त्याच्या टोकाला फुगीर गुलाबी पिशवी. पिशवीच्या मधोमध उभी चीर असते. भुंगा त्या चिरेतून आत शिरतो, पण त्याच वाटेने त्याला बाहेर पडता येत नाही. वरच्या अंगाला असलेल्या अरुंद वाटेने तो निघतो आणि निघताना परागकण त्याच्या पाठीला चिकटतात. आत मध मात्र नसतो, भुंगा फसवला जातो. हे फूल तोडू नका, रोप उपटून घरी लावायचा तर विचारही नको. त्याचं बी जमिनीतल्या एका बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही आणि पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात. घरच्या कुंडीत ते मरतं.

खाजणाच्या कडेला आलात की आकाशात ऑस्प्रे शोधा. मासे मारणारा हा मोठा पक्षी खांबांवर काटक्यांचं घरटं बांधतो. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की १९७४पर्यंत अख्ख्या न्यू जर्सीत जेमतेम पन्नासेक घरटी उरली. १९७२ साली डीडीटीवर देशभर बंदी आली, माणसांनी खांब रोवून दिले, अंडी बाहेरून आणून घरट्यांत ठेवली. आज किनाऱ्याच्या या पट्ट्यात ऑस्प्रे दिसणं नेहमीचं झालंय. पायात मासा धरून उडताना तो माशाचं तोंड नेहमी पुढे ठेवतो. मुलांना हे आधी सांगा आणि खरंच तसं आहे का ते बघायला लावा.

ओहोटीला चिखल उघडा पडला की फिडलर खेकडे बाहेर येतात. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी आणि तो ती हलवत मादीला बोलावत राहतो. शांत उभे राहिलात तर दोन मिनिटांत सगळा चिखल हलू लागतो. म्हणून निघण्याआधी त्या दिवशीची ओहोटीची वेळ बघून ठेवा.

९. कोकणातल्या मंडळींसाठी: चिंबोऱ्या

पार्कात खाडीवर एक छोटा पूल आहे, लोक तिथे ब्लू क्लॉ खेकडे पकडायला येतात. सामान फारसं लागत नाही: लांब दोरी, टोकाला बांधलेला कोंबडीचा मानेचा तुकडा आणि लांब दांड्याची जाळी. दोरी तळाशी सोडा. ओढ जाणवली की अगदी हळू वर घ्या. खेकडा पृष्ठभागाजवळ आला की खालून जाळी घाला. झटका दिलात की तो सोडून जातो. उन्हाळ्याच्या शेवटी, भरती चढत असताना चांगले मिळतात.

हाताच्या दोरीने पकडायला परवाना लागत नाही, न दुमडणारे पिंजऱ्यासारखे सापळे (क्रॅब पॉट) लावायचे असतील तर लागतो. कठीण कवचाचा खेकडा टोकापासून टोकापर्यंत साडेचार इंचांपेक्षा लहान असेल तर सोडून द्यायचा. पोटाखाली अंडी असलेली मादी लगेच सोडायची. मोजपट्टी सोबत ठेवा, अंदाज चालत नाही.

खाण्याआधी राज्याने दिलेल्या आरोग्यविषयक सूचना वाचा. या भागातल्या पाण्यात जुन्या कारखान्यांचं प्रदूषण साठलेलं आहे. खेकड्याच्या आतला हिरवट-पिवळा भाग, जो आपल्याकडे आवडीने चाटूनपुसून खातात, तो इथे काढून टाकायचा आणि उकडलेलं पाणी रश्शात वापरायचं नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊच नका. मी स्वतः पकडून परत सोडतो. माझ्या मते खरा आनंद त्या दोरीवरच्या ओढीतच आहे.

पोहायचं असेल तर हूक्स क्रीक लेक आहे. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात तेव्हाच पाण्यात उतरा.

१०. गोचीड आणि पॉयझन आयव्ही

याला घाबरून कॅम्पिंग टाळू नका, पण दुर्लक्षही करू नका. न्यू जर्सीत लाइम आजार पसरवणारी गोचीड सगळीकडे आहे. मे-जूनमधली तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, दिसत नाहीत. पँट मोज्यात खोचा, वाटेच्या मधून चाला, उंच गवतात बसू नका. कपड्यांवर आणि बुटांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा. ते कातडीला लावायचं नसतं. अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेला, किडे दूर ठेवणारा फवारा.

रोज संध्याकाळी सगळ्यांची तपासणी करा: गुडघ्यांच्या मागे, काखेत, कानांमागे, केसांत, कमरेच्या पट्ट्याखाली. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीला चिकटून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, तूप, पेटती काडी काहीही लावू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. भारतात परतलेल्या आई-बाबांनाही हे सांगून ठेवा, कारण तिकडच्या डॉक्टरांना हा आजार चटकन आठवणार नाही.

पॉयझन आयव्ही ही अंगाला लागली तर खाज आणि पुरळ आणणारी वनस्पती. तिला एका देठावर तीन पानं असतात, मधलं पान थोड्या लांब देठावर. वेल झाडावर चढलेली असेल तर तिला केसाळ मुळं दिसतात. हात लागला तर लगेच साबणाने धुवा. ती चुकूनही चुलीत घालू नका, तिचा धूर फुफ्फुसांना इजा करतो.

११. आवरणं आणि पुढचं पार्क

कचरा जागेवर सोडायचा नसतो, पिशव्या सोबत आणा. तंबू ओला असताना गुंडाळलात तर दोन दिवसांत बुरशी धरतो. घरी गेल्यावर त्याच दिवशी पसरून वाळवा, बाथटबच्या दांडीवर टाकलात तरी चालेल. कपडे आधी ड्रायरमध्ये कडक आचेवर फिरवा, मग धुवा. गोचीड थंड किंवा कोमट पाण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. निघताना एकदा वाकून सगळ्या जमिनीवर नजर टाका: खुंट्या नेहमी मागे राहतात.

इथे दोन-चार वेळा जमलं की मग दक्षिणेला ॲलेअर स्टेट पार्क बघा, तिथे जुनं लोखंड गाळणारं गाव जतन केलंय. त्यानंतर वायव्येकडच्या स्टोक्स स्टेट फॉरेस्टकडे वळा. तिकडे डोंगर आहेत, आणि काळी अस्वलंही. त्या भागात अन्न टेबलावर ठेवण्याची चूक रॅकूनपुरती राहत नाही, म्हणून जाण्याआधी तिथले अन्न साठवण्याचे नियम वाचून घ्या.